मिरवेलांची मर : ट्रायकोडर्मा आणि रसायने यांची सांगड कशी घालावी?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका बागायतदारांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या मिश्र बागेत, पोफळींवर चढवलेले पन्नियूर-१ जातीचे सुमारे दीडशे मिरवेल आहेत. ऑगस्टमधील सततच्या पावसात त्यांपैकी वीसेक वेलांची पाने दोन-तीन आठवड्यांत गळाली आणि वेल उभ्याउभ्या सुकले. दुकानदाराने कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशक दिले, कृषी कार्यालयातून ट्रायकोडर्मा ही रोगांशी झुंजणारी उपयोगी बुरशी मिळाली, आणि मजुरी वाचावी म्हणून त्यांनी दोन्ही एकाच पिंपात कालवून सगळ्या वेलांच्या बुंध्याशी ओतले. आता ऑक्टोबरात आणखी काही वेल पिवळे पडू लागले आहेत. जैविक आणि रासायनिक उपाय एकत्र करता येतात, की दोहोंपैकी एकच निवडावा लागतो, आणि मेलेल्या वेलांच्या जागी नवे केव्हा लावावेत, असे त्यांनी विचारले आहे.

प्रश्न 'जैविक की रासायनिक' असा मांडला गेला असला, तरी माझ्या मते खरी अडचण तिथे नाही. कोणते औषध नेमक्या कोणत्या जिवावर चालते, हे न पाहता औषध निवडले गेले, ही खरी अडचण आहे. पावसाळ्यात मिरवेल झपाट्याने मारणारा रोग फायटोफ्थोरा कॅप्सिसी या जीवामुळे होतो. त्याला आपण सवयीने बुरशी म्हणतो, परंतु तो खऱ्या बुरशींच्या कुळातला नाही. खऱ्या बुरशींची पेशीभित्ती मुख्यतः कायटिन आणि ग्लुकान यांची असते. फायटोफ्थोराची ग्लुकान व सेल्युलोज यांची असते, आणि त्याचे बीजाणू शेपट्यांच्या साहाय्याने पाण्यात पोहतात. द्राक्षावरचा केवडा आणि बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा हे याच गोतावळ्यातील जिवांमुळे होतात. कार्बेन्डाझिम खऱ्या बुरशींच्या पेशीविभाजनात अडथळा आणते. फायटोफ्थोरावर त्याचा व्यवहारात उपयोग होत नाही. ट्रायकोडर्मा मात्र खरी बुरशी आहे आणि कार्बेन्डाझिमला ती अतिशय संवेदनशील आहे. म्हणजे त्या पिंपात उपयोगी बुरशी मारली गेली आणि रोग करणारा जीव सुखरूप राहिला. या एका उदाहरणावरून 'जैविक औषधे चालत नाहीत' असा निष्कर्ष काढू नये, आणि 'जैविकाबरोबर कोणतेच रसायन चालत नाही' असाही काढू नये.

औषधांकडे वळण्यापूर्वी निदान पक्के करणे आवश्यक आहे, कारण मिरवेल पिवळा पडून मरण्याची कारणे एकाहून अधिक आहेत आणि ती एकाच बागेत एकत्रही नांदतात. पावसाच्या जोरात पानांवर काळे, पाणी भरल्यासारखे डाग आले, त्यांच्या कडा झिरमिळ्यांसारख्या पसरत गेल्या, जमिनीवर लोळणारे कोवळे फुटवे आधी काळे पडले आणि नंतर बुंध्याची साल कुजून वेल महिन्याभरात कोसळला, तर ती जलद मर होय. रोग बुंध्यापर्यंत न पोहोचता बारीक पांढऱ्या मुळांपुरता राहिला, तर वेल पावसाळाभर हिरवा दिसतो, कारण ओल मुबलक असते आणि उरलेली मुळे गरज भागवतात. पाऊस ओसरला की तोच वेल पिवळा पडू लागतो. पुढच्या पावसात तो पुन्हा सावरल्यासारखा दिसतो आणि मालकाला वाटते की संकट टळले. असे वेल एक-दोन हंगाम तग धरतात, परंतु कूज मुळांतून बुंध्यात चढली की जातात. तिसरी शक्यता सूत्रकृमींची, म्हणजे मुळांवर जगणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींची. त्यांच्यामुळे वेल हळूहळू खंगतो, आणि तेही ऑक्टोबरनंतरच डोळ्यांत भरते.

म्हणून आज पिवळ्या दिसणाऱ्या वेलांपैकी चार-पाच निवडा, बुंध्यापासून हातभर अंतरावर माती अलगद उकरा आणि बारीक मुळे पाण्यात धुऊन पाहा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या, तर गाठी करणारे सूत्रकृमी आहेत. गाठी नसून मुळांवर तांबूस-तपकिरी चट्टे असतील, तर मुळे पोखरणाऱ्या सूत्रकृमींचा संशय घ्यावा. मुळे नरम होऊन काळपट कुजलेली असतील, तर फायटोफ्थोरा जवळजवळ निश्चित समजावा. घरच्या घरी एक ढोबळ चाचणीही करता येते. मुळांलगतची मूठभर माती पसरट भांड्यात घेऊन तिच्यावर तीन-चार बोटे पाणी घाला, माती खाली बसली की निरोगी मिरीच्या पानाचे लहान तुकडे वर तरंगत ठेवा आणि भांडे सावलीत असू द्या. दोन-तीन दिवसांत तुकड्यांच्या कडा काळ्या पडत गेल्या, तर पाण्यात पोहणारे बीजाणू त्यांच्यापर्यंत पोहोचले असावेत. हे प्रयोगशाळेतील निदान नव्हे, कारण जवळच्या कुळातला पिथियमही असेच करू शकतो. खात्रीसाठी मुळांसह मातीचा नमुना जुने गोवे येथील एला परिसरातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत दाखवावा, किंवा आपल्या विभागीय कृषी कार्यालयामार्फत पाठवावा.

पुढे मी जे सांगणार आहे त्यातील पुष्कळसे जागेवर अवलंबून आहे. डोंगरउतारावरील बाग आणि ओहोळालगतच्या खोलगटातील बाग यांना एकच वेळापत्रक लागू पडत नाही. सत्तरीतील वाळपईच्या बाजूला पडणारा पाऊस किनारपट्टीपेक्षा बराच अधिक असतो, त्यामुळे फवारणी धुऊन जाण्याचे प्रमाणही तिथे अधिक. बागेला सेंद्रिय प्रमाणपत्र असेल, तर खाली सांगितलेल्या रसायनांपैकी काही तुम्हाला वापरताच येणार नाहीत, आणि बोर्डो मिश्रणासारखी तांब्याची औषधेही प्रमाणन संस्थेच्या मर्यादेतच वापरावी लागतील.

आता औषधांविषयी. प्रत्येक औषध वेलाच्या अंगात कुठवर जाते, हे समजले की सांगड आपोआप सुचते. बोर्डो मिश्रण आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड ही स्पर्शजन्य औषधे आहेत. ती जिथे पडतात तिथेच राहतात आणि बीजाणू रुजण्यापूर्वी तिथे असतील तरच उपयोगी पडतात. मेटॅलॅक्झिल हे आंतरप्रवाही, म्हणजे वेलाच्या अंगात शिरून पसरणारे आहे आणि फायटोफ्थोराच्या कुळावर नेमके चालते, परंतु ते मुख्यतः खालून वर जाते. त्यामुळे पानांवर फवारलेले मेटॅलॅक्झिल मुळांची कूज थांबवत नाही, ते मुळांशीच ओतावे लागते. पोटॅशियम फॉस्फोनेट मात्र वर आणि खाली दोन्ही दिशांनी वाहते, आणि रोगकारकाला रोखण्याबरोबरच वेलाची स्वतःची प्रतिकारशक्तीही चाळवते. मेटॅलॅक्झिल आणि फॉस्फोनेट या दोहोंचा रोख खऱ्या बुरशींवर नसल्यामुळे ट्रायकोडर्माला त्यांच्यापासून फारसा धोका नसतो. बाजारात मिळणाऱ्या मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब मिश्रणातील मॅन्कोझेब मात्र अनेक बुरशींवर चालणारे आहे, म्हणून ते ओतल्यावर ट्रायकोडर्मासाठी काही दिवसांचे अंतर ठेवणे शहाणपणाचे. तांब्याच्या द्रावणाने माती भिजवल्यास तेच, किंबहुना अधिक.

ट्रायकोडर्मा मुळांभोवतीची जागा आणि अन्न आधी बळकावतो, रोगकारकाच्या तंतूंवर चढून विकरांनी त्यांची भित्ती विरघळवतो आणि मुळांना सावध करतो. ही सर्व कामे तो तिथे रुळल्यावरच करू शकतो. बुंधा कुजलेल्या वेलावर पाकीटभर ट्रायकोडर्मा ओतणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणायला घेणे होय. रुळण्यासाठी त्याला सेंद्रिय पदार्थ, ओल आणि हवा लागते, आणि किंचित आम्ल माती त्याला मानवते. आपल्या जांभ्याच्या मातीत आम्लता असतेच. शंखजिऱ्यात मिसळून पाकिटात मिळणारी ट्रायकोडर्माची भुकटी नुसतीच कोरड्या, उघड्या मातीवर भुरभुरली, तर तिचा फारसा उपयोग होत नाही, आणि बहुतेक ठिकाणी होते ते एवढेच.

मी स्वतः पाळतो ते सूत्र असे की वेलाच्या वरच्या भागाला तांबे द्यावे, मुळांना ट्रायकोडर्मा द्यावा आणि दोहोंमधील दुवा म्हणून फॉस्फोनेट वापरावे. मेटॅलॅक्झिल राखीव ठेवावे, कारण ते वारंवार वापरल्यास त्याला दाद न देणारे फायटोफ्थोराचे वाण तयार होतात, हे अनेक पिकांत दिसून आले आहे.

वर्षाची आखणी एप्रिलपासून सुरू होते. त्या महिन्यात जमिनीवर पसरलेले फुटवे कापून टाकावेत किंवा उचलून खोडाला बांधावेत, कारण पावसाच्या थेंबांबरोबर उडणारी माती सर्वप्रथम त्यांनाच लागते. माती फार आम्ल असल्याचे तपासणीत दिसले असेल, तर वेलाला अर्धा किलो कृषी चुना एक वर्षाआड याच वेळी द्यावा. तो ट्रायकोडर्माबरोबर मात्र देऊ नये, मध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत. सावली विरळ करावी. पन्नियूर-१ ही जात मुळात भरपूर उजेड मागणारी आहे, आणि आपल्या दाट कुळागरांत तिला तो क्वचितच मिळतो, हे तिच्या इथल्या आजारपणाचे एक कारण असावे असे मला वाटते.

याच सुमारास ट्रायकोडर्मा खतात वाढवायला घ्यावा. चांगले कुजलेले शेणखत नव्वद किलो, निंबोळी पेंड दहा किलो आणि ट्रायकोडर्माची भुकटी एक ते दोन किलो एकत्र कालवून, मुठीत दाबल्यास गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतपत ओलसर ठेवावे, सावलीत ढीग करून ओल्या पोत्यांनी झाकावे आणि आठवड्याने एकदा उलथावे. साधारण पंधरा दिवसांत ढिगावर पांढरट-हिरवी वाढ दिसू लागते. वळवाचे एक-दोन पाऊस होऊन माती ओली झाली की हे खत वेलाला दोन ते तीन किलो या हिशेबाने बुंध्याभोवती पसरून वर पालापाचोळा टाकावा. पाकीट घेताना उत्पादनाची तारीख पाहा आणि ते दुकानात कुठे ठेवले होते तेही पाहा. पत्र्याखाली तापलेल्या कपाटातील ट्रायकोडर्मा मुदतीच्या आतही निर्जीव असू शकतो.

जून लागताना, पावसाची झड बसण्यापूर्वी, एक टक्का बोर्डोची पहिली फवारणी पानांच्या दोन्ही बाजूंना, फांद्यांना आणि खोडाला बसेल अशी करावी. प्रमाण सर्वांना माहीत आहे, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी, परंतु पद्धतीत हलगर्जीपणा होतो. दोन्ही द्रावणे प्लास्टिकच्या वेगवेगळ्या पिंपांत करावीत, मोरचुदाचे पाणी चुन्याच्या द्रावणात हळूहळू ढवळत ओतावे, आणि स्वच्छ लोखंडी सुरी त्यात क्षणभर बुडवून पाहावी. पात्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी पडला आहे. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. हे औषध १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये बोर्दोच्या द्राक्षमळ्यांत केवड्यासाठी पुढे आले, आणि आपल्याकडे सुपारीच्या कोळेरोगावर त्याचा वापर विसाव्या शतकाच्या आरंभापासून होत आला आहे. कोळेरोगही फायटोफ्थोराचाच प्रताप, त्यामुळे कुळागरात दोन्ही पिकांची फवारणी एकत्र आखणे सोयीचे पडते.

इथे एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते. पोफळीच्या शेंड्यातील घोसांवर फवारलेला बोर्डो खोडावरून ओघळून थेट मिरवेलाच्या बुंध्याशी उतरतो, म्हणजे आपण मातीत ट्रायकोडर्मा टाकतो आणि त्याच मातीत वरून तांबे गळत राहते. पोफळीची फवारणी आधी उरकून किमान दोन आठवड्यांनी ट्रायकोडर्माचे खत घालावे, किंवा खत आधी घातले असेल, तर फवारणीच्या दिवशी बुंध्याशी झावळ्यांचे जाड आच्छादन घालावे आणि नंतर ते बाजूला काढावे. शेजाऱ्याला हा खटाटोप हास्यास्पद वाटेल. वाटू द्यावा.

ऑगस्टच्या उत्तरार्धात पावसाची उघडीप पाहून बोर्डोची दुसरी फवारणी करावी आणि पोटॅशियम फॉस्फोनेट लिटरला तीन मिलिलिटर या प्रमाणात प्रत्येक वेलाच्या मुळांशी पाच ते दहा लिटर ओतावे. त्यानंतर ट्रायकोडर्माची दुसरी मात्रा, वेलाला पन्नास ग्रॅम भुकटी शेणखतात कालवून, देता येते. फॉस्फोनेटमुळे तिला बाधा येत नाही. परतीचा पाऊस लांबला, तर ऑक्टोबरात तिसरी फवारणी लागते, एरवी नाही. पाण्याने तुडुंब भरलेल्या आळ्यात मात्र कोणतेही द्रावण ओतू नये. ते वाहून जाते आणि मजुरी वाया जाते.

ऐन पावसात एखादा वेल बसला, तर त्याला वाचवण्याच्या नादी लागू नये. शेजारचे वेल वाचवावेत. बसलेला वेल मुळांसकट काढून, बागेतून ओढत न नेता गोणीत भरून बाहेर न्यावा आणि जाळावा. त्याच्या भोवतालच्या वेलांना मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब लिटरला सव्वा ग्रॅम या प्रमाणात मुळांशी ओतावे आणि पानांवरही फवारावे. मेटॅलॅक्झिलला मी राखीव म्हटले ते याच प्रसंगासाठी. औषधाच्या वेष्टनावरील सूचना आणि काढणीपूर्वी थांबण्याचा काळ पाळावा. पंधरा-वीस दिवसांनी त्या वेलांना पुन्हा ट्रायकोडर्मा द्यावा, कारण त्या मातीतील आधीची वस्ती कमी झाली असण्याची शक्यता आहे.

हे सर्व करूनही पाण्याचा बंदोबस्त नसेल, तर पैसे वाया जातील, हे मी अगदी स्पष्ट सांगतो. पोहणाऱ्या बीजाणूंना वाट देणारे पाणीच आहे. आपली जुनी कुळागरे झऱ्याच्या पाटावर उभी आहेत आणि पाटाचे पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात उतरत जाते. पोफळीला ही पद्धत मानवते, परंतु वरच्या बाजूचा एक वेल रोगट असेल, तर खालच्या ओळीतील सर्वांना प्रसाद मिळतो. पावसाळ्यात दोन ओळींमधून उताराच्या दिशेने चर काढावेत, मिरवेलाच्या बुंध्याशी आळे न ठेवता मातीची हलकी भर द्यावी, आणि उन्हाळ्यात पाट बंद करणे शक्य नसेल, तर निदान रोगट भाग पाटाच्या शेवटी राहील अशी वाट वळवावी. तुम्ही कळवलेले वीस वेल एका पट्ट्यात मेले की विखरून, हे तुम्ही लिहिलेले नाही. एका पट्ट्यात मेले असतील, तर औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी कुदळ घेऊन तिथल्या पाण्याची वाट शोधा.

आता पिवळ्या पडत असलेल्या वेलांचे काय करावे? मुळे कुजलेली पण बुंधा शाबूत असेल, तर माती ओलसर आहे तोवर फॉस्फोनेट ओतावे, त्यानंतर आठवड्याने निंबोळी पेंडीसह ट्रायकोडर्माचे खत घालावे, आच्छादन करावे आणि उन्हाळाभर हलके पाणी चालू ठेवावे. बुंध्याची साल नखाने खरवडल्यावर आत काळी निघाली, तर तो वेल काढावा. गाठी असतील, तर पेंडीचे प्रमाण वेलाला एक किलो करावे आणि सूत्रकृमींवर वाढणारी पोकोनिया किंवा पॅसिलोमायसिस ही जैविके मिळाल्यास ट्रायकोडर्माच्या खतातच द्यावीत. कुणी जुना साठा म्हणून फोरेट हे विषारी कीटकनाशक देऊ केले, तर घेऊ नये. त्यावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. तुम्ही ओतलेल्या कार्बेन्डाझिमची चिंता मात्र फार करू नका. ट्रायकोडर्माची नवी मात्रा दिली की बुंध्याभोवती वस्ती पुन्हा बसवता येते, फक्त ते औषध पुन्हा मिरवेलांच्या मुळांशी ओतू नका.

राहिला नव्या लागवडीचा प्रश्न. फायटोफ्थोराचे जाड भित्तीचे बीजाणू मेलेल्या मुळांच्या अवशेषांत आणि मातीत दीर्घकाळ टिकून राहतात, म्हणून येत्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात नवा वेल लावण्याची घाई मी करणार नाही. मुळांचे अवशेष वेचून खड्डे येत्या उन्हाळ्यात उघडे ठेवावेत, त्यांत पेंड व ट्रायकोडर्माचे खत भरून एक पावसाळा जाऊ द्यावा आणि पुढील वर्षी लागवड करावी. मधल्या काळात त्या पोफळीवर काही चढवले नाही, तर काहीही बिघडत नाही. रोपे कुठून आणता, याला खड्ड्याइतकेच महत्त्व आहे. रोपवाटिकेतील पिशवीच्या मातीतून हा रोग निरोगी बागेत सहज पोहोचतो, तेव्हा पिशवी फाडून मुळे पाहिल्याशिवाय रोपे घेऊ नयेत. स्वतःची रोपे करणार असाल, तर पिशवीची माती पाणी शिंपडून पारदर्शक प्लास्टिकखाली कडक उन्हात महिनाभर तापवावी आणि थंड झाल्यावर तिच्यात ट्रायकोडर्मा मिसळावा. हा क्रम उलटा करू नये.

जातींपैकी कोळिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेच्या शक्ती आणि थेवम या जाती फायटोफ्थोराला बऱ्यापैकी सहनशील आहेत, पूर्ण प्रतिकारक नाहीत. पाणथळ कोपऱ्यासाठी पायपर कोलुब्रिनम या दक्षिण अमेरिकी जंगली जातीच्या खुंटावर केलेली कलमे मिळतात. त्या खुंटाला फायटोफ्थोरा आणि सूत्रकृमी दोन्ही सहसा बाधत नाहीत, परंतु त्याला उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते आणि काही वर्षांनी कलमाच्या सांध्याशी दोन्हींचे जमेनासे होण्याची तक्रारही आढळते. तुमच्या कुळागरात झऱ्याचे पाणी बारमाही असेल, तर सर्वांत खालच्या ओळीत अशी पाच-सहा कलमे लावून पाहावीत आणि उरलेल्या जागी शक्ती लावावी. पन्नियूर-१ पुन्हा लावायचीच असेल, तर ती वरच्या, उजेडाच्या आणि निचऱ्याच्या ओळीत लावावी.